नानांची वही आणि यदृच्छेचा पुरावा

माझे थोरले काका परळच्या चाळीत राहत. आम्ही सगळी मुले त्यांना नाना म्हणत असू. ते गिरणीच्या साचेखात्यात होते. पहिल्या पाळीवरून आले, जेवण उरकले, की लाल पुठ्ठ्याची एक लांबट वही काढून ते खिडकीशी बसत. वहीत मटक्याचे आकडे होते. रोजचा ओपन, रोजचा क्लोज आणि दोन्ही मिळून होणारी जोडी. डाव्या पानावर निकाल आणि उजव्या पानावर नानांनी त्यातून शोधलेले नियम. १९८२चा संप झाला, गिरणी सुटली, काकूच्या पाटल्या मोडल्या. वही मात्र चालूच राहिली.

१९८८ साली मी वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि रद्दीत मिळणारी गणिताची पुस्तके हौसेने वाचत होतो. एका दुपारी नानांनी वही माझ्यापुढे सरकवली. "तू गणिताची पुस्तकं वाचतोस ना? सांग, यात लाइन आहे की नाही?"

मी म्हणालो, "नाना, यात कसली लाइन? सगळा नशिबाचा खेळ."

"हे तुला कसं कळलं? सिद्ध करून दाखव. आजच्या आज वही बंद करतो."

मला ते सिद्ध करता आले नाही. माझे गणित कच्चे आहे, एवढाच अर्थ मी तेव्हा काढला. पुढे नोकरी सांभाळून, जमेल तसे संभाव्यतेच्या पायाविषयी वाचत गेलो, तेव्हा ध्यानात आले की नानांचा प्रश्न विसाव्या शतकातल्या मोठमोठ्या गणितज्ञांनाही पडला होता. त्याचे उत्तर त्यांना संभाव्यतेच्या शास्त्रात सापडले नाही. त्यासाठी त्यांना भाषेकडे वळावे लागले.

टेबलावरची अक्षरे

नाणे बारा वेळा उडवले आणि बाराही वेळा छापा आला, तर आपण नाणे उलटसुलट करून पाहतो. छापा-काट्यांची एखादी वेडीवाकडी रांग आली, तर पाहत नाही. पण हिशेब केला तर दोन्ही रांगांची संभाव्यता एकच भरते : ४०९६मध्ये एक. मग एकीचा संशय का यावा आणि दुसरीचा का येऊ नये?

लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने संभाव्यतेवरच्या १८१४ सालच्या आपल्या तात्त्विक निबंधात हा पेच एका सुंदर उदाहरणाने मांडला आहे. टेबलावर छापखान्यातली अक्षरे ओळीने मांडलेली आहेत आणि त्यांतून 'कॉन्स्टँटिनोपल' हा शब्द तयार होतो. ही मांडणी आपोआप झाली असे आपण मानणार नाही. वास्तविक त्या अक्षरांची कोणतीही दुसरी मांडणी हिच्याइतकीच दुर्मीळ आहे. पण हा शब्द आपल्या वापरातला आहे. तो कोणत्याच भाषेत नसता, तर आपल्याला काही वाटले नसते.

म्हणजे संशय आकडेमोडीतून येत नाही, आपल्याला एक भाषा येते यातून येतो. लाप्लासच्या या निरीक्षणाचे पुढे काय करायचे, हे मात्र दीडशे वर्षे कुणाला नीट उमगले नाही.

१९३३ : पाया घातला, प्रश्न बाहेर ठेवला

१९०० साली पॅरिसच्या परिषदेत हिल्बर्ट यांनी नव्या शतकापुढचे प्रश्न मांडले. त्यांतला सहावा प्रश्न असा होता की, भूमितीला जशी गृहीतके आहेत तशी भौतिक विज्ञानांना, आणि त्यांत संभाव्यतेलाही, द्यावीत. संभाव्यतेपुरते हे काम १९३३ साली जर्मन भाषेतल्या एका छोट्या पुस्तकाने पार पाडले. लेखक होते मॉस्कोचे आंद्रेय कोल्मोगोरोव्ह. वय वर्षे तीस.

त्यांची मांडणी थोडक्यात अशी. जे जे घडू शकते त्या सर्वांचा एक संच घ्या. त्यातल्या प्रत्येक घटनेला एक संख्या जोडा. ती संख्या ऋण नसावी. संपूर्ण संचाची संख्या १ असावी. ज्या घटना एकत्र घडू शकत नाहीत, त्यांतली एखादी तरी घडण्याची संख्या ही त्यांच्या संख्यांची बेरीज असावी. अनंत घटनांसाठी आणखी एक अट लागते. बस्स. विम्याच्या हप्त्यापासून अणूंच्या हालचालीपर्यंतचे सगळे संभाव्यताशास्त्र आज या पायावर उभे आहे.

पण या पुस्तकात एक गोष्ट जाणूनबुजून नाही. यादृच्छिक म्हणजे काय, याची व्याख्या तिथे मिळत नाही. हे शास्त्र सर्व शक्य रांगांच्या समूहाविषयी बोलते. समोर ठेवलेल्या एका विशिष्ट रांगेबद्दल, नानांच्या वहीबद्दल, ते मौन पाळते.

हा प्रश्न अंगावर घेतला होता तो रिचर्ड फॉन मिझेस यांनी, १९१९ साली. यादृच्छिक रांगेच्या त्यांनी दोन अटी सांगितल्या. पहिली, रांग लांबत जाईल तसे छाप्यांचे प्रमाण एका संख्येवर स्थिरावले पाहिजे. दुसरी अट जुगाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. कोणत्याही नियमाने त्या रांगेतल्या निवडक जागा काढल्या ("लागोपाठ तीन काटे आले की पुढच्या खेपेला पैसे लावायचे" हा असाच नियम), तरी त्या जागांवरही प्रमाण तेच राहिले पाहिजे. थोडक्यात, हमखास जिंकण्याची युक्ती असूच नये. नाना ज्याला 'लाइन' म्हणत, तिचा अभाव म्हणजे यदृच्छा.

आक्षेप लगेच आला. 'कोणताही नियम' म्हणजे कोणता? "जिथे छापा आला आहे नेमक्या त्याच जागा निवडा" हासुद्धा एक नियम मानला, तर जगातली कोणतीही रांग यादृच्छिक ठरणार नाही. निकाल पाहण्याआधी जागा निवडायची, हे मिझेस यांना अभिप्रेत होते. पण अभिप्रेत असणे वेगळे आणि व्याख्या वेगळी.

१९४० साली अलोन्झो चर्च या अमेरिकन तर्कशास्त्रज्ञाने यातून वाट काढली. नियम म्हणजे ज्याची आज्ञा पायरीपायरीने, कुणाला काही न विचारता, यंत्राप्रमाणे पाळता येते ती गोष्ट. अशी आज्ञा कुठल्या ना कुठल्या आकारिक भाषेत लिहून काढता येते. आकारिक भाषा म्हणजे जिची अक्षरे ठरलेली, जोडणीचे नियम ठरलेले आणि अर्थात संदिग्धता मुळीच नाही अशी भाषा. आजचे संगणकाचे प्रोग्रॅम अशाच भाषांत लिहितात. मर्यादित अक्षरांनी लिहिलेला मजकूर एकाखाली एक क्रमाने मांडता येतो, आणि नियम असे यादीत बसत असतील तर मिझेस यांच्या अटी पाळणाऱ्या रांगा खरोखरच असतात, हे अब्राहम वाल्ड यांनी १९३७ साली दाखवले होते.

इथे भाषेने प्रथमच संभाव्यतेच्या घरात पाऊल टाकले. तरीही काम पुरे झाले नव्हते. असे नियम यादीत कितीही घातले तरी त्या साऱ्यांना पुरून उरणारी एक रांग रचता येते, हे झाँ व्हील या फ्रेंच गणितज्ञाने १९३९ सालीच सिद्ध केले होते. त्या रांगेत छाप्यांचे प्रमाण निम्म्यावर स्थिरावते खरे, पण वाटेत ते एकदाही निम्म्याखाली उतरत नाही. खऱ्या नाण्याचे प्रमाण निम्म्याच्या खाली-वर होत राहते. म्हणजे ही रांग लबाड होती आणि मिझेस यांच्या गाळणीतून ती निसटत होती.

कलकत्त्याचा लेख

पुढचे पाऊल कोल्मोगोरोव्ह यांनीच टाकले, आणि त्यातला एक महत्त्वाचा टप्पा आपल्या देशात छापला गेला. १९६२ साली ते कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले होते. पुढच्या वर्षी त्यांचा 'यादृच्छिक संख्यांच्या कोष्टकांविषयी' हा लेख त्या संस्थेच्या 'सांख्य' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. महालनोबिस यांनी 'सांख्य' सुरू केले तेही १९३३ सालीच, कोल्मोगोरोव्ह यांचे पुस्तक आले त्याच वर्षी.

नमुना पाहणीत कोणते शेत, कोणते घर निवडायचे हे पाहणाऱ्याच्या मर्जीवर सोडता येत नाही. त्यासाठी यादृच्छिक आकड्यांची कोष्टके लागतात. इंग्लंडमध्ये टिपेट यांनी १९२७ साली जनगणनेच्या अहवालांतले आकडे वेचून ४१,६०० अंकांचे कोष्टक छापले होते. अमेरिकेतल्या रँड या संस्थेने १९५५ साली यंत्राने काढलेल्या दहा लाख अंकांचे पुस्तक काढले. त्या अंकांत सुरुवातीला किंचित कल दिसला, म्हणून ते पुन्हा मिसळून घ्यावे लागले होते. छापलेले कोष्टक म्हणजे शेवटी अंकांची एक ठरावीक, संपणारी रांग. तिला यादृच्छिक म्हणायचे ते कशाच्या आधारावर? या लेखात कोल्मोगोरोव्ह मिझेस यांच्या कल्पनेकडे परतले आणि नियम जितका साधा तितके त्याचे महत्त्व अधिक, या दिशेने विचार करू लागले. साधेपणा मोजायचा कसा, एवढे ठरायचे राहिले होते.

१९६५ साली त्यांनी ते ठरवले. एखाद्या रांगेचे आकारिक भाषेतले लहानात लहान वर्णन, म्हणजे ती रांग छापून दाखवणारा लहानात लहान प्रोग्रॅम, किती लांबीचा आहे ते पाहा. वर्णन रांगेपेक्षा पुष्कळ लहान असेल, तर रांगेत काहीतरी रचना आहे. रांग जशीच्या तशी लिहून दाखवण्यापेक्षा आखूड वर्णनच नसेल, तर ती यादृच्छिक. अमेरिकेत रे सोलोमोनॉफ यांना ही कल्पना थोडी आधीच सुचली होती. व्याकरणाचे नियम उदाहरणांवरून यंत्राला कसे ओळखता येतील, या विचारातून ते तिथवर पोचले होते. न्यूयॉर्कमध्ये ग्रेगरी चैटिन हा कोवळ्या वयाचा विद्यार्थीही स्वतंत्रपणे त्याच जागी आला. कोल्मोगोरोव्ह यांच्याकडे शिकायला गेलेल्या पेर मार्टिन-लॉफ या स्वीडिश तरुणाने १९६६ साली अनंत रांगांसाठी अशी व्याख्या दिली की व्हील यांची लबाड रांगही तिच्यातून सुटेना.

चार य आणि एक ओळ

वृत्तांची ओळख असलेल्या मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. छाप्याला लघू म्हणा, काट्याला गुरू. बारा अक्षरांच्या चरणात लघु-गुरूंच्या ४०९६ मांडण्या होतात. पिंगलाच्या परंपरेत या सगळ्या मांडण्या क्रमाने लिहिण्याला प्रस्तार म्हणतात. नाणे उडवून मला मिळालेली एक मांडणी अशी : गललल गगलग लललग. गण पाडले तर भ, य, ज, स. दुसरी मांडणी लगागा, लगागा, लगागा, लगागा, म्हणजे चार य. हा भुजंगप्रयात.

आता मनाचे श्लोक घ्या. २०५ श्लोक, प्रत्येकी चार चरण, चरणात बारा अक्षरे. एकूण ९,८४० लघु-गुरू. चरणाच्या शेवटचे लघू गुरू धरण्याची रूढी मान्य केली, तर ही सगळी रांग एका वाक्यात सांगता येते : य गण चार वेळा, आणि असे ८२० चरण. ९,८४० वेळा नाणे उडवून मिळालेली रांग कुणाला फोनवरून सांगायची असेल, तर बहुधा ती अख्खीच वाचून दाखवावी लागेल. दोन्हींची संभाव्यता एकच, पण वर्णनाच्या लांबीत जमीन-अस्मानाचे अंतर. लाप्लासच्या टेबलावरचे कोडे इथे सुटते.

हे 'बहुधा' किती पक्के आहे, तेही मोजता येते. वर्णनेसुद्धा लघु-गुरूंसारख्या दोनच खुणांनी लिहायची असे ठरवू. एक खूण कमी झाली की शक्य वर्णनांची संख्या निम्मी होते. त्यामुळे दहापेक्षा जास्त खुणांची बचत करणारी वर्णने, रांगांच्या मानाने, १०२४मध्ये एकालाही पुरत नाहीत. म्हणजे बहुसंख्य रांगांना संक्षेप नाही. भुजंगप्रयात हा अपवाद, बेशिस्त हा नियम.

पण तुम्ही विचाराल, भाषा कोणती? ज्याला गण ठाऊक नाहीत त्याला 'चार य' हे वर्णनच नाही. शंका रास्त आहे. कोल्मोगोरोव्ह यांचे उत्तर असे : पुरेशी समर्थ अशी कोणतीही आकारिक भाषा घ्या. दुसरीत जायचे तर एक दुभाषी प्रोग्रॅम सोबत जोडावा लागतो. त्याची लांबी ठरलेली असते, रांगेच्या लांबीप्रमाणे ती वाढत नाही. म्हणून लांबलचक रांगांच्या बाबतीत भाषेची निवड फारशी आड येत नाही. आखूड रांगांच्या बाबतीत मात्र येते. बारा अक्षरांच्या एकाच चरणाविषयी "यात शिस्त आहे का" असे विचारले, तर "कोणत्या भाषेत?" असाच प्रतिप्रश्न करावा लागेल.

जे सिद्ध करता येत नाही

एवढे हाती आल्यावर मला वाटले, आता नानांना उत्तर देता येईल. वहीतल्या आकड्यांना संक्षेप नाही एवढे दाखवले की झाले. पण इथेच वाट अडते.

पाय या संख्येचे दशांश घ्या. अंक मोजा, जोड्या मोजा, सांख्यिकीच्या नेहमीच्या कसोट्या लावा. कुठेही लाइन दिसत नाही. तरीही पायचे लाखो दशांश काढून देणारा प्रोग्रॅम काही ओळींत मावतो. म्हणजे दिसत नाही यावरून नाही असे ठरत नाही. नानांचे म्हणणे नेमके हेच होते.

याहून मोठी अडचण पुढे आहे. ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात बेरी नावाचे एक ग्रंथपाल होते. त्यांनी सुचवलेला एक विरोधाभास बर्ट्रांड रसेल यांनी प्रसिद्ध केला. मराठीत तो असा मांडता येईल : "वीसपेक्षा कमी शब्दांत ज्या संख्येचे वर्णन करता येत नाही अशी सर्वांत लहान संख्या." शब्द मोजा. तेरा भरतात. म्हणजे जिचे वर्णन वीसपेक्षा कमी शब्दांत होत नाही, तिचे वर्णन आपण तेरा शब्दांत केले. बोलीभाषेत ही गंमत म्हणून सोडून देता येते. चैटिन यांनी तिला आकारिक भाषेत नेले आणि गमतीचा सिद्धांत झाला.

समजा, गणितातल्या सगळ्या सिद्धता एकामागून एक तपासणारे यंत्र आपण केले. त्याला सांगितले, "अमुक रांगेचे वर्णन दहा लाख खुणांपेक्षा कमी लांबीत होत नाही" अशी पहिली सिद्धता सापडली की ती रांग छापून थांब. या यंत्राचा प्रोग्रॅम काही हजार खुणांत मावेल. यंत्राला तशी सिद्धता सापडली, तर ती रांग काही हजार खुणांत वर्णन करून झालीच की! म्हणजे सिद्धता खोटी. आपली सिद्धतापद्धती खोटे सिद्ध करत नसेल, तर यंत्र कधीच थांबणार नाही. अशा रांगा असंख्य आहेत, किंबहुना जवळजवळ सगळ्याच तशा आहेत, पण त्यांतल्या एकीकडेही बोट दाखवून "ही तशी आहे" हे सिद्ध करता येत नाही. गोडेल यांनी १९३१ साली गणिताच्या ज्या अपूर्णतेवर बोट ठेवले होते, तीच यदृच्छेच्या दारातही उभी आहे.

नानांची वही दहा लाख खुणांच्या मानाने अगदी लहान. तिच्याबाबतीत भाषा कोणती, हाच पेच आधी येतो. आणि वही वाढवत नेली, तर हा दुसरा पेच वाट पाहत असतो. लाइन असेल तर ती दाखवून सिद्ध करता येते. ती नाही याचा पुरावा मागणाऱ्याला शास्त्राकडे द्यायला काही नाही.

उजवे पान

नाना गेल्यावर काही वर्षांनी चुलत भावाने घर आवरताना ती वही माझ्याकडे दिली. सगळे आकडे मी संगणकावर चढवले. फायली दाबून लहान करणारा साधा प्रोग्रॅम त्यांवर चालवला. मग संगणकाने सोडत काढून तयार केलेली तेवढ्याच आकड्यांची दुसरी फाइल केली आणि तीही दाबली. दोन्हींचा आकार जवळजवळ सारखाच भरला. यातून काय सिद्ध झाले? एवढेच, की त्या एका प्रोग्रॅमच्या भाषेत नानांच्या आकड्यांसाठी शब्द नव्हता. मटक्यात हातचलाखी होत असेल, तर तिचे व्याकरण वेगळे असू शकेल.

मग मी उजवी पाने वाचू लागलो. सुरुवातीचे नियम एकेका ओळीचे होते. मंगळवारी ७ आला तर शुक्रवारी त्याचा कट, म्हणजे २. अमावास्येच्या आदल्या दिवशी जोडी उलटते. गेल्या महिन्यातली जोडी पुन्हा येते. हा शेवटचा नियम तर खराच ठरणार होता. शंभर जोड्या सारख्याच संभाव्यतेच्या धरल्या, तर तीस निकालांत एखादी तरी जोडी दोनदा येण्याची संभाव्यता ९९ टक्क्यांहून अधिक भरते. ती कोणती, हे मात्र नियम सांगत नाही. आणि पैसे लागायचे ते तिच्यावर.

पुढे पुढे प्रत्येक नियमाखाली अपवाद येऊ लागले. शुक्रवारी २ आला नाही, तर आदल्या आठवड्याचा क्लोज पाहावा. तो शून्य असेल तर नियम लागू नाही. सणाचा आठवडा सोडून द्यावा. संपानंतरच्या वर्षांत उजवे पान अपुरे पडू लागले. नानांनी कागद चिकटवले, मग वेगळी पाने शिवली. शेवटी शेवटी एका पानभर निकालांसाठी तीन-तीन पानांचे नियम होते, आणि तरीही ते निकालांशी पुरते जुळत नव्हते.

कोल्मोगोरोव्ह यांची व्याख्या त्या वहीत उघड लिहिलेली होती. वर्णन आकड्यांपेक्षा लांब झाले होते. लाइन सापडणे म्हणजे आकडे थोडक्यात सांगता येणे. नानांचे नियम पाठ करण्यापेक्षा आकडे पाठ करणे सोपे होते. लाइन नाहीच, हे मी १९८८ साली सिद्ध करू शकलो नसतो. आजही करू शकत नाही. पण नानांना सापडलेली लाइन ही लाइन नव्हे, हे मात्र दाखवता आले असते. त्यासाठी ना कोल्मोगोरोव्ह लागले असते ना चैटिन. डाव्या आणि उजव्या पानांची जाडी दोन बोटांत धरून दाखवली असती, तरी पुरे होते.

त्यांनी वही बंद केली असती का, ते सांगता येत नाही. कापडाचा ताणा-बाणा आयुष्यभर हाताळलेला माणूस होता तो. कुठे वीण आहे आणि कुठे नुसता गुंता, हे त्यांना माझ्याआधी कळले असते, असे मला अजूनही वाटते.